यादी कुठं उभी होती?

साखर कारखान्यात मी सत्तावीस वर्षं नोकरी केली, पण साखर तयार होताना आत जाऊन तीनदाच पाहिली. तिन्ही वेळा सोबत पाहुणे होते म्हणून. पिंपळीतल्या शेजारणी आता विचारतात, "मग एवढी वर्षं तिथं करत काय होता?" मी म्हणते, "पत्ते लिहीत होते." त्यांना वाटतं, टपालखात्यात असेन.

खरं तर मी संगणक विभागात होते. बारामतीहून एसटीनं इंदापूर तालुक्यात जायचं, फाट्यावर उतरायचं आणि धुरांड्याकडं तोंड करून चालत सुटायचं. कारखान्याचं नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. आमची खोली शेतकी विभागाच्या मागं होती आणि तिथली सगळ्यात थंड जागा माणसांसाठी नसून यंत्रासाठी होती. उन्हाळ्यात शेतकरी काहीतरी निमित्त काढून आत यायचे आणि "बाई, माझी नोंद बघा जरा" म्हणत एसीखाली अर्धा तास बसायचे.

काम काय, ते आधी सांगते. शेतकरी ऊस लावतो तेव्हा कारखान्याकडं नोंद करतो: कुठलं रान, कुठली जात, लागण कधीची. हंगाम सुरू झाला की ज्याचा ऊस आधीचा, त्याचा आधी तोडायचा. हा क्रम आमचा संगणक लावायचा. गावांचे गट होते, प्रत्येक गटाची यादी निघायची, ती पाहून त्या गटाचा शेतकी मदतनीस टोळीच्या मुकादमाला चिठ्ठी लिहून द्यायचा: अमक्याच्या रानात चला. ऐकायला सोपं आहे. पण ऊस वेळेवर तुटला नाही तर त्याला तुरा येतो, आतून भेंडासारखा कोरडा पडतो, वजन जातं. आणि आधी तुटला तर पुरता पिकलेलाच नसतो. त्यामुळं त्या यादीकडं लोक दहावीच्या निकालासारखे बघायचे.

मला हे काम शिकवलं मुलाणी सरांनी. ते विभागाचे प्रमुख. आमच्याकडं चित्रांवर टिचकी मारायची सोय नव्हती. काळा पडदा, पांढरी अक्षरं, आणि जे काय सांगायचं ते टाइप करून. पहिल्याच आठवड्यात मी अख्खा दिवस खपून एका गावाची नोंद भरली, आणि दुसऱ्या दिवशी ती फाईल सापडेना. रडायचं तेवढं बाकी राहिलं होतं. सर आले, म्हणाले, "आधी पीडब्ल्यूडी टाइप कर."

मला वाटलं, सर थट्टा करताहेत. पीडब्ल्यूडी म्हणजे आपल्याकडं बांधकाम खातं. पण टाइप केलं, तर पडद्यावर एक ओळ आली. सर म्हणाले, "ही आज्ञा एवढंच सांगते की तू आत्ता कुठं उभी आहेस. तू शेतकीच्या कप्प्यात बसून फाईल लिहिलीस आणि आज स्टोअरच्या कप्प्यात शोधते आहेस. फाईल जागेवर आहे. हरवली आहेस ती तू."

मग त्यांनी पत्त्याचे दोन प्रकार सांगितले. पुस्तकात त्यांना निरपेक्ष मार्ग आणि सापेक्ष मार्ग म्हणतात. सर म्हणायचे, मुळापासूनचा पत्ता आणि पायापासूनचा पत्ता. मुळापासूनचा पत्ता तिरक्या रेघेनं सुरू होतो. ती रेघ म्हणजे सगळ्या कप्प्यांचं मूळ. पडद्यावर हे इंग्रजीत असायचं, इथं मराठीत लिहिते: /कारखाना/शेतकी/चालू/नोंद/निरवांगी. तुम्ही कुठंही उभे असा, हा पत्ता एकाच फाईलकडं नेतो. पायापासूनच्या पत्त्याला पुढं रेघ नसते. 'चालू' या कप्प्यात उभं राहून नुसतं नोंद/निरवांगी म्हटलं तरी तीच फाईल मिळते. दोन टिंबं दिली की एक पायरी वर जायचं. लिहायला थोडं, बोटांना आराम. अट एकच, तुम्ही योग्य जागी उभे असलं पाहिजे.

मला हे भलतंच आवडलं. टिंबं आणि रेघा टाकत मी त्या काळ्या पडद्यात वर-खाली हिंडायची, कुठल्या कप्प्यात काय दडलंय ते उघडून बघायची. जुन्या हंगामांच्या नोंदी, कुणीतरी अर्धवट सोडलेली पत्रं, एका फाईलमध्ये तर नुसती गावांची नावं आणि त्यापुढं तिथल्या बैलांची संख्या. ती कुणी आणि कशासाठी केली होती, हे शेवटपर्यंत कळलं नाही. सर म्हणायचे, "हिंड, पण हिंडताना पीडब्ल्यूडी करत जा."

पुढं सर निवृत्त झाले आणि विभाग माझ्याकडं आला. ज्या हंगामाची गोष्ट सांगायची आहे, तो त्यानंतरचा तिसरा.

त्या वर्षी दोन गोष्टी नव्या झाल्या. अंथुर्ण्याचा गट मोठा झाला होता, म्हणून निरवांगीचा वेगळा गट काढला. आणि दुसरी गोष्ट माझ्या कल्पनेतली. तोवर मी दहाला यायची, यादी काढायची, ती गावात पोचेपर्यंत दुपार व्हायची आणि टोळ्या अर्धा दिवस बसून राहायच्या. संगणकाला वेळ लावून ठेवता येते, हे मला ठाऊक होतं. जानेवारीच्या सुरुवातीला मी तसं केलं. सकाळी सहाला याद्या आपोआप निघायच्या, प्रिंटरवर छापल्या जायच्या आणि सातच्या जीपनं गटांवर जायच्या. शेतकी साहेबांनी मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं. टोळ्यांचे मुकादम खूश झाले. मीही चार दिवस जरा ताठ चालत होते, हे कबूल करते.

नवव्या दिवशी, गुरुवारी, बबनराव आले. निरवांगीचे शेतकरी, डोक्याला पांढरा पटका, हातात एक पिशवी. त्यांनी ती माझ्या टेबलावर उपडी केली. पाच-सहा डाळिंबं घरंगळली.

"बाई, ही मोजून घ्या आन् उसाच्या गव्हाणीत टाका. ह्याची साखर किती पडती ते बघू."

मला काही कळेना. तेव्हा ते खुर्चीत बसले आणि सांगू लागले. सकाळी त्यांच्या रानात तोडणीची टोळी आली. सात बैलगाड्या, बायामाणसं, कोयते, सगळा लवाजमा. मुकादमाच्या हातात चिठ्ठी, चिठ्ठीवर त्यांचंच नाव आणि त्यांच्याच रानाचा गट नंबर. आणि रानात डाळिंबाची बाग.

"मुकादम मला म्हनतो, ऊस कुठं लपवलाय? म्या म्हनलं, खिशात हाय!"

मी हसले, तेही हसले. पण जाताना दारात थांबून म्हणाले, "हसायचं ऱ्हाऊ द्या. ती मानसं सात कोस बैलं दामटीत आली हुती. त्यांचा दिस गेला त्याचं काय?"

दुसऱ्या दिवशी शुक्रवारी त्याच गावचे दत्तूतात्या थेट शेतकी साहेबांकडं गेले आणि त्यांचा आवाज माझ्या खोलीपर्यंत आला. त्यांचा आडसाली ऊस, दीड वर्षाचा, सगळ्यात आधी लावलेला, तुऱ्यावर येऊन उभा होता. आणि शेजारच्या रानातला दहा महिन्यांचा खोडवा, आधी तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटलेला, तुटून गेला होता. तो खोडवा कुणाचा? मारुती आबांच्या चुलतभावाचा.

मारुती आबा कोकरे म्हणजे निरवांगी गटाचे शेतकी मदतनीस. चिठ्ठ्या लिहायचं काम त्यांचंच. घराणं पूर्वीचं मेंढपाळाचं, पुढं शेतीत स्थिरावलं. आबा उंच, वाळलेले, सायकलवर कमी आणि पायी जास्त. गटातला प्रत्येक बांध त्यांना ठाऊक होता. वीस वर्षांत त्यांच्याबद्दल कुणी ब्र काढला नव्हता. त्यांना बोलावणं गेलं. ते आले आणि एवढंच म्हणाले, "सायेब, यादीत जसं हुतं तसं लिवलं. बबनरावांच्या नावाला म्या मुकादमाला म्हनलो बी, तितं डाळिंब हाय. पर यादीत हाय म्हनल्यावर हिकडचं पीक तिकडं लावलं आसन, जाऊन बघा म्हनलं."

"मग याद्या कुठं आहेत?"

याद्या नव्हत्या. चिठ्ठ्या लिहून झाल्या की याद्या, त्या दिवशीचीसुद्धा, गट ऑफिसशेजारच्या भजीवाल्याकडं जायच्या, पहिल्यापासून तशीच पद्धत.

साहेब आबांना घेऊन माझ्या खोलीत आले. म्हणाले, "शोभाताई, निरवांगीची यादी काढा. माझ्यासमोर."

मी खुर्चीत बसले. 'चालू' कप्प्यात गेले, रोजच्या सवयीनं. यादी चालवली. छापून आली. पहिलंच नाव दत्तूतात्यांचं. बबनरावांचं नाव नाही. चुलतभावाचा खोडवा पार खाली, मार्चमध्ये.

"खाली सही करा," साहेब म्हणाले. मी सही केली. आबांनी तो कागद हातात घेऊन खालपर्यंत वाचला, परत पहिल्यापासून वाचला आणि परत दिला. त्याच संध्याकाळी त्यांना कामावरून थांबवलं, चौकशी लागली. पुरावा म्हणून जोडला होता तो माझ्या सहीचा कागद.

आणखी एक गोष्ट मला नंतर उमगली. सकाळी निघालेल्या यादीची एक प्रत यंत्रातही असायची. मी हातानं यादी काढली तेव्हा नवी प्रत जुनीवर लिहिली गेली. म्हणजे आबांच्या बाजूनं जो एकमेव साक्षीदार होता, तो मीच साहेबांच्या डोळ्यादेखत पुसून टाकला.

साहेबांनी हुकूम काढला की चौकशी संपेपर्यंत निरवांगीची यादी मी दहा वाजता स्वतः यंत्रासमोर बसून काढायची आणि दत्तूतात्यांचं रान पंचनाम्यासाठी तसंच उभं ठेवायचं. शनिवारपासून तसं सुरू झालं, आणि तक्रारी बंद पडल्या. मारुती गेला आणि चुका थांबल्या. याहून मोठा पुरावा लोकांना काय हवा? कँटीनमध्ये तर लोक म्हणायला लागले, "बघा, एवढा साधा दिसायचा."

मला मात्र डाळिंबं सोडत नव्हती. माणसानं भावासाठी यादी फिरवली, समजू शकते. पण डाळिंबाच्या बागेत टोळी पाठवून कुणाचा फायदा? चोरी करणारा माणूस असली चूक करत नाही. शनिवारी मी बबनरावांना फोन लावला आणि विचारलं, तुमच्या त्या रानात ऊस होता कधी?

"हुता की. गेल्या सालापत्तुर हुता. तुटला आन् म्या मोडून बाग लावली."

फोन ठेवला. गेल्या साली. दत्तूतात्यांच्या रानात गेल्या साली काय होतं? नोंद काढून पाहिली. सहा महिन्यांचा कोवळा ऊस, म्हणजे तोडणीच्या यादीत नाहीच. चुलतभावाचा तो खोडवा गेल्या साली काय होता? आडसाली, यादीत वरच्या नंबरवर. आबांनी चिठ्ठ्या लिहिल्या होत्या त्या गेल्या वर्षीच्या यादीवरून. यादीवर आम्ही लागणीचा दिवस आणि महिना छापायचो, वर्ष छापत नव्हतो. रुंदीत मावत नाही म्हणून. बहुतेकांची नावं दोन्ही वर्षी तीच, त्यामुळं आठ दिवस कुणाला शंका आली नाही.

पण गेल्या वर्षीची यादी आली कुठून? मी पुन्हा पुन्हा चालवून पाहिली. दहा वेळा चालवली, दहा वेळा बरोबर. हातानं चालवली की बरोबर, म्हणजे आपोआप चालते तेव्हाच चुकते? यंत्र तेच, आज्ञा त्याच. मग सकाळी सहाला त्याला वेगळं काय दिसत होतं? खरं सांगते, त्या वेळी आबांचं काय होईल याहून हे कोडं माझ्या डोक्यात जास्त होतं. आज त्याची लाज वाटते, पण तसं होतं खरं.

रविवारी मी बारामतीत मुलाणी सरांकडं गेले. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, काळा चष्मा लावून ओट्यावर बसले होते. पडदा बघायची मनाई. मी आज्ञा कागदावर उतरून नेल्या होत्या, त्या त्यांना वाचून दाखवायला लागले. ते मध्येच म्हणाले, "राहू दे. मला एवढंच सांग, सकाळी सहाला ती यादी निघते तेव्हा ती कुठं उभी असते?"

"म्हणजे?"

"तू चालवतेस तेव्हा तू आधी 'चालू' कप्प्यात जातेस. तुझ्या बोटांना सवय आहे, तुला कळतही नाही. सहाला तुझी बोटं नसतात. मग तिला तिथं कोण नेतं?"

चहा तसाच राहिला. सरांच्या बायकोनं, भाभींनी, दोनदा विचारलं, "साखर कमी झाली का?"

सोमवारी करायचं होतं ते मी रविवारीच दुपारी कारखान्यात जाऊन केलं. आज्ञांच्या सुरुवातीला एक ओळ घातली: पीडब्ल्यूडी, आणि जे उत्तर येईल ते एका फाईलमध्ये लिहून ठेव. सोमवारी दहाला आले, पर्ससुद्धा खाली ठेवली नाही, फाईल उघडली. आत एकच ओळ होती: /घर/शोभा.

घर म्हणजे यंत्रातला माझा स्वतःचा कप्पा. प्रत्येक माणसाला एक असतो. वेळ लावून दिलेलं काम त्या माणसाच्या घरातून सुरू होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. आठ गटांच्या फाईलींचे आठ पत्ते आज्ञांमध्ये होते. सात मुलाणी सरांनी लिहिलेले, सगळे मुळापासूनचे. आठवा निरवांगीचा, मी घाईत घातलेला, पायापासूनचा: नोंद/निरवांगी. त्या वेळी मी 'चालू' कप्प्यात उभी होते, मग लांबलचक कशाला लिहा?

माझ्या घरात असा कप्पा नसता तर यंत्रानं "फाईल सापडत नाही" म्हणून ओरड केली असती आणि पहिल्याच दिवशी सगळं उघड झालं असतं. पण तिथं 'नोंद' नावाचा कप्पा होता. आणि त्यात 'निरवांगी' नावाची फाईल होती. आदल्या वर्षी हा गट वेगळा काढायचं ठरलं, तेव्हा करून बघायला म्हणून त्या हंगामाच्या नोंदी घालून मीच तिथं केलेली. पत्ता तोच, फाईल दुसरी. यंत्रानं सांगितलं तेच केलं, आबांनीही सांगितलं तेच केलं.

मी तो पत्ता मुळापासून लिहिला. तीन शब्द आणि चार रेघा. मिनिटही लागलं नाही. आणि मग मी गप्प बसले.

हे लिहायला जड जातं. सोमवारचा अख्खा दिवस मी कुणाला काही बोलले नाही. चूक दुरुस्त झाली होती, पुढं होणार नव्हती. चौकशीत आबा सुटतीलच, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. मीटिंगमध्ये घेतलेलं नाव कानात होतं.

मंगळवारी दुपारी आबा आले. गटाची नोंदवही, रानांचे हातानं काढलेले नकाशे आणि शिक्का द्यायला. ते शेतकीत द्यायचं होतं, पण तिथं जेवणाची सुट्टी, म्हणून माझ्याकडं. पिशवी टेबलावर ठेवली आणि उभेच राहिले.

"बसा आबा."

"न्हाय ताई, जातो. एक इचारू का? तो कॉम्पुटर चुकत न्हाय म्हनत्यात, ते खरंय ना?"

मी पिशवीतला शिक्का काढून टेबलावर ठेवायला लागले.

"मंग मीच चुकलो आसन," ते म्हणाले. "चार रात झोप न्हाय. सारखं आठवून बघतो, यादीत काय हुतं. मला तर भावाचंच नाव वर दिसतं. घरची म्हनती डोळं तपासा. म्या म्हनलं, डोळं न्हाय, डोकंच तपासाय पायजे."

ते रागावून बोलले असते, तर मला सोपं गेलं असतं. मी उठले, आणि म्हणाले, "आबा, यादीत भावाचंच नाव वर होतं. तुम्ही बरोबर वाचलं. चूक माझी आहे."

 आबा हळूच खुर्चीत बसले. "म्हंजी हुतं ना तितं? हुतं ना?" असं तीनदा विचारलं. प्रत्येक वेळी मी हो म्हटलं.

मी त्यांना तसंच शेतकी साहेबांकडं नेलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, दार लावलं आणि म्हणाले, "ताई, हे बाहेर काढायचं कारण नाही. कॉम्प्युटर चुकतो असं एकदा झालं की उद्यापासून प्रत्येक जण यादीवर भांडेल. मारुतीला मी आजच परत घेतो. दुसऱ्या गटावर देतो. झालं?"

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांचं म्हणणं अगदीच खोटंही नव्हतं. मी आबांकडं पाहिलं.

आबा म्हणाले, "सायेब, मला दुसरा गट नगं. मी चोर न्हाय हे तुमाला कळलं, हितं कळलं. पर माझं घर तिकडं हाय. ताईंनी तिकडं येऊन सांगावं. कागद बी नगं. सांगावं."

साहेबांनी ते मान्य केलं. मला लेखी ताकीद मिळाली, ती माझ्या नोकरीच्या फाईलमध्ये शेवटपर्यंत होती. आणि गुरुवारी सकाळी मी निरवांगीला गेले.

सोसायटीच्या ओट्यावर तीस-चाळीस माणसं जमली होती. दत्तूतात्या पुढंच, हाताची घडी घालून. बबनरावही होते. मी चूक माझी हे सांगितलं, मग कशी झाली ते सांगायला लागले, आणि दोन वाक्यांतच अडकले. कप्पा, घर, मूळ, पाय. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मागून कुणीतरी म्हणालं, "आवो, सरळ सांगा की मारुतीला वाचवाय धाडलंय."

तेव्हा आबा उठले. म्हणाले, "मी सांगतो. माझ्या बापाच्या येळची गोष्ट हाय, जुन्या मानसांना ठावं आसंल. बाप मेंढरं घिऊन म्होरं गेला. मागनं चुलता घोड्यावर बिऱ्हाड आन् कोकरं घिऊन यायचा हुता. बापानं सांगावा ठिवला, वढा वलांडला की डाव्या हाताचं दुसरं रान. बाप ह्या अंगानं गेलेला. चुलत्याला वाटंत पाव्हणा भेटला, त्यो पलीकडच्या अंगानं आला. त्यानं बी वढा वलांडला, डाव्या हाताचं दुसरं रान बघितलं आन् बिऱ्हाड उतरवलं. दिसभर मेंढ्या हितं वरडत्यात, कोकरं तितं वरडत्यात. सांज झाली तवा कळलं. आता सांगा, बाप खोटं बोलला का?"

"न्हाय," एक म्हातारे म्हणाले.

"चुलता चुकला का?"

"न्हाय."

"मंग? ताईंच्या मशिनीला सांगावा तसाच गेला. डाव्या हाताचं रान. मशीन पलीकडच्या अंगानं आली. तितं बी एक रान हुतं, गेल्या सालचं."

एकदम कुजबुज सुरू झाली. लोकांना समजलं होतं. मी नंतर पुढं बरीच वर्षं नव्या मुलींना हे काम शिकवलं, पण इतकं स्वच्छ मला कधी सांगता आलं नाही.

"मग आधीच गावाचं नाव घालून सांगावा द्यायचा की," बबनराव म्हणाले.

"आता तसाच घातलाय," मी म्हणाले.

लोक हसले. चुलतभाऊ मागं उभा होता, तो पुढं येऊन आबांच्या शेजारी बसला. आदल्या शुक्रवारपासून दोघं एकमेकांशी बोलले नव्हते, हे मला नंतर समजलं. हसले नाहीत ते एकटे दत्तूतात्या. त्यांनी हाताची घडी सोडली नव्हती. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "समजलं. पर माझ्या उसाचं काय?"

 "उद्या पहिली टोळी तुमच्याकडं," मी म्हणाले. ते मान हलवून निघून गेले.

एसटीला तास होता. मी फाट्यावर उभी होते, तेवढ्यात दत्तूतात्यांची मोटारसायकल येऊन थांबली. "बसा," म्हणाले. मला वाटलं, सोडायला आले. पण गाडी फाट्याकडून उलटी वळली आणि कॅनॉलच्या कडेनं आत गेली. बांधाशी थांबली.

समोर ऊस उभा होता. वर पांढरे तुरे, वाऱ्यानं एका बाजूला झुकलेले. लांबून पाहणाऱ्याला सुंदर वाटावं असं ते दृश्य. कांड्यांवरून बाजूच्या पांगशा फुटल्या होत्या.

"यादीत तुमी माझं नाव किती वर्सं लिवताय?" त्यांनी विचारलं.

"पंधरा-सोळा."

"हितं कधी आला हुता?"

मी मान हलवली. निरवांगीच कशाला, एवढ्या वर्षांत मी ज्यांचे क्रम लावले त्यांतलं एकही रान मी पाहिलं नव्हतं.

ते आत शिरले, एक ऊस मोडून आणला, गुडघ्यावर दोन तुकडे केले आणि एक माझ्या हातात दिला. आतला गर मधोमध पांढरा, कोरडा. मी दातांनी सोलला, चावला. बराच वेळ चोथाच तोंडात फिरत राहिला.

"गोड हाय का?"

खोटं बोलायची इच्छा झाली होती. पण म्हणाले, "नाही तात्या. कमी आहे."

"व्हय," ते म्हणाले आणि बांधावर बसले. स्वतःच्या हातातला तुकडा चावायला लागले. मीही शेजारी बसले. माझ्या एसटीचा हॉर्न लांब फाट्यावर वाजला, ती थांबली आणि गेली. आम्ही दोघंही उठलो नाही. हातातला ऊस संपेपर्यंत तिथंच बसून राहिलो.